छाट

हजाराच्या थप्पीतून मी मूठभर बिड्या उपसायचो.
ही सैल. ही वाकडी. हिचं तोंड नीट मिटलेलं नाही.
छाट.
छाटीला मजुरी नाही, आणि बिडीही परत नाही.
मागच्या दारानं तीच पुन्हा बंडलात जायची,
तेच लेबल, तोच दोरा.
शेटजींना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं.
निपाणीत कुणाला ठाऊक नव्हतं?

रविवारी मी मिशनच्या देवळात, पुढच्या बाकावर.
दानाची थैली मीच फिरवायचो
याच हातांनी, तंबाखूच्या वासासकट.
आवळे पाळक सांगायचे, पश्चात्ताप करा.
करायचो की. दर साली, उपासाचे चाळीस दिवस,
मटण सोडून, गुडघे टेकून,
खरोखरच रडू यायचं.
आणि सोमवारी पुन्हा: सैल. वाकडी. छाट.

तारण हा शब्द मला दोन जागी भेटला,
एकदा उपदेशात
आणि एकदा अर्बन बँकेच्या खिडकीशी,
सुलोचनाच्या पाटल्या ठेवताना.
मी दोन्हीकडे एकच समजलो:
आधी काहीतरी ठेवावं लागतं, मग मिळतं.
म्हणून आसवं ठेवत गेलो,
तोळा-मासा बघून.

कारखान्याला कुलूप पडलं, त्यानंतर
ट्रंकेत एक वही सापडली. माझंच अक्षर.
निंगव्वा, रोजची छाट ऐंशी.
निंगव्वा, छाट शंभर. (त्या दिवशी ती उलटून बोलली होती.)
जक्कय चौपट देतो म्हणाला खरा,
पण उंबरावरून उतरल्यावर.
हाक आधी आली होती,
नावानिशी.
इतकी वर्षं मी ही ओळ उलटी वाचत होतो.

संकेश्वरच्या अलीकडे उतरलो.
ती उंबऱ्यात बसलेली, डोळ्यांत मोतीबिंदू,
मांडीवर सूप नाही, पान नाही,
तरी बोटं वळतायत.
आवाजावरून ओळखलं तिनं. ‘चेकरसाब? बर्री, कुंद्री.’
मी तोंड उघडलं, ते नुसतंच उघडं राहिलं.
पाकीट अजून खिशातच,
तर म्हणाली, ‘होगली, बिडू.’
जाऊ दे, सोड.

बिडी आणि बिडू. एका मात्रेचं अंतर.
ते चालायला मला एकतीस वर्षं लागली.

मग मी पैसे पुढं केले.
नको म्हणेल, असं वाटलं होतं. (हेही पापच.)
तिनं नोटा चाचपून मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या,
आणि म्हणाली,
‘तीन वर्षांचं राहिलं. शांताच्या बाळंतपणाच्या वेळचं.’

परतीच्या बसला कानडी पाटी होती.
मी ती हळूहळू, अक्षर लावत वाचली.
येत्या गुरुवारी पुन्हा जायचंय, वही घेऊन.
तारणासाठी नव्हे.
त्याचं काय ते उंबऱ्यातच झालं.
तिची तीन वर्षं राहिलीत.