सुटतो

पानामागे साडेचारशे, निम्मे आगाऊ,
आणि करारातलं नववं कलम :
माझं नाव कुठेही येणार नाही,
आभारातसुद्धा.
सही केली. घराचा हप्ता थकला होता.

दर मंगळवारी गंगापूर रोडला, त्याच्या गच्चीवर,
विश्राम गायधनी बोलतो, मी रेकॉर्डर ठेवते.
'भोंगा' बॅण्डचा विश्राम. साठीला टेकलेला,
केस अजून खांद्यापर्यंत, गुडघ्याला पट्टा.
म्हणतो, लिहा, सातपूरला कारखान्याच्या पत्र्यावर बसून
एका रात्रीत सुचली मला 'तिसरी पाळी'.
मी लिहिते : एका रात्रीत सुचली मला.
'मला' त्याचा.
बोटं माझी.

पहिलं खोटं सापडलं ते गमतीचं.
गाण्याच्या शेवटी तो खोल गडगडाट आहे ना,
ज्यावर जाणकारांनी लेख लिहिले,
तो कुठल्याच वाद्याचा नाही.
देवळालीला त्या दुपारी तोफांचा सराव होता
आणि गोदामाची खिडकी लागत नव्हती.
हे त्यानेच सांगितलं, पोट धरून हसत.
मग म्हणाला, घालू नका हं.

दुसरं एका फोटोत होतं.
चौघं जण, मागे गोदामाचं शटर,
डाव्या कडेला कात्री चाललेली.
ड्रमवाल्या मधू कोठुळेच्या खांद्यावर एक हात उरलाय,
बारीक मनगट, त्यावर ढगळ पुरुषी घड्याळ,
आणि मनगटापलीकडे पांढरा पुठ्ठा.
हा हात कुणाचा?
"असेल कुणाचा तरी," म्हणत विश्राम
चहा सांगायला उठला.
चहा समोरच होता.

मधूने फोनवर फक्त एक शब्द दिला : शरणपूर.

रूथ साळवेने दार उघडलं कोपराने, हाताला कणीक होती.
तेच घड्याळ, आता पट्टा नवा.
"बाबांचं आहे," ती म्हणाली.
चर्चमध्ये पायपेटी वाजवायची, तिथून बॅण्डमध्ये.
बाबा तिसऱ्या पाळीला. सकाळी सातला
त्यांना न्यायला ती सायकल घेऊन फाटकाशी उभी.
भोंगा व्हायचा, माणसं सुटायची,
आणि त्यांच्यामागून, म्हणाली, उजेड.
सगळ्यात शेवटी, कार्ड पंच करून आल्यासारखा.

मग कॅसेट कंपनीला चार मुलगे हवे होते.
बाबांनाही पसंत नव्हतं.
"दोन्ही एकाच आठवड्यात," ती म्हणाली,
पावसापाण्याबद्दल सांगावं तसं.
मी माझा करार आठवत बसले. कलम नऊ.
तिच्याशी कुणी करारही केला नव्हता.

"पुस्तकात मला घालू नका. नातवंडं विचारत बसतील.
पण एक सांगा त्याला.
तीस वर्षं तो गातोय, 'उजेड फुटतो'.
मी लिहिलं होतं, सुटतो.
फुटतो काय, फुटतो कुणीही लिहील."

त्या रात्री प्रकरण सात.
शरणपूरची दोन पानं लिहिली, नाव न घेता,
घड्याळ ठेवलं, सायकल ठेवली.
आणि गाण्याची ओळ जिथे पूर्ण दिली होती
तिथे एक अक्षर बदललं.
पगार अक्षरावर नसतो, पानावर असतो.

प्रूफं परत आली. दोन पानांवर
तिरकी लाल रेघ, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,
इतकी दाबून की खालच्या कागदावर वळ.
तोफांवरही काट.
ओळ तशीच होती.
सुटतो. ना गोल, ना टीक,
बाजूला फक्त लाल शाईचा एक ठिपका,
पेन टेकवून कुणी थांबलं असेल तर पडतो तेवढा.

किंवा उगाच पडला असेल.
विचारायला मंगळवार होता,
पण उरलेले निम्मे पैसे अजून यायचे होते
आणि मी विचारलं नाही.