चौथी तार

व्हाल्गा गावात, व्हिर्वेच्या गॅरेजमध्ये,
जानेवारीत बादली तळापर्यंत गोठते.
म्हणून पहिला प्रश्न बादलीनंच सोडवला :
पाण्यावर थंड होणारा स्पिंडल नको.
"आवाज कमी करतो," दुकानदार फोनवर म्हणाला होता,
"शेजाऱ्यांना कळणारही नाही."
शेजारी म्हणजे एकटा हेल्दुर,
आणि चाळीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या सोबतीत काढून
त्याचा उजवा कान त्याच्याआधीच निवृत्त झालेला.

हवेवरचा, मग. दीड किलोवॉट.
त्याहून मोठ्याचा मोह झाला होता तिला.
हेल्दुरनं भिंतीवरच्या फ्यूजकडे नुसतं पाहिलं.
"कोरायचंय काय? लोखंड?"
"स्प्रूस. कानेलची पोटं."
कानेल मांडीवर घेऊन वाजवतात.
तिच्या आईनं एक कोरलं होतं, अखंड ओंडक्यातून, सुरीनं,
एका आख्ख्या हिवाळ्यात.
व्हिर्वेचे अंगठे आता एवढं ऐकत नाहीत.

खोका आला. माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं :
मोटारीस दुःखी करू नये.
दोघं बराच वेळ हसली.
मग हेल्दुरनं चष्मा पुसला आणि हसू संपलं.

तीन तारा फिरवण्यासाठी : यू, व्ही, डब्ल्यू.
एकीमागून एक येतात, रहाटाला हात लावल्यासारख्या.
चौथी काहीच करत नाही.
त्यांच्या भाषेत जमिनीला 'मा' म्हणतात,
अर्थिंगचा शब्दही तिथूनच निघतो.

मीटरचं एक टोक चौथ्या पिनेवर,
दुसरं स्पिंडलच्या चकचकीत अंगावर.
"वाजलं?" त्यानं विचारलं.
"नाही."
त्यानं डावा कान पुढे केला. पुन्हा टेकवलं.
"आता?"
"नाही, हेल्दुर."
दोन्ही टोकं एकमेकांना लावली, तेव्हा मीटर टुणकन वाजला.
म्हणजे कान बरोबर, मीटर बरोबर.

चार स्क्रू काढले. झाकण उचललं.
चौथ्या पिनेच्या पाठीवर काहीच नव्हतं.
ना तार, ना कथलाचा थेंब.
बाहेरून चार, आतून तीन.
"नार्व्यात एक जण होता," हेल्दुर म्हणाला,
आणि पुढचं वाक्य
सोल्डरच्या धुरात सोडून दिलं.

त्या दुपारी त्यानं एवढंच एक काम केलं.
झाकणाच्या आतला रंग कानशीनं खरवडला,
धातू उघडा पडेपर्यंत,
आटे पाडले, कडी बसवली,
हिरवी-पिवळी तार ओढून पाहिली,
आणि आणखी एकदा ओढून पाहिली.
केबलची जाळी ड्राइव्हच्या पट्टीखाली घट्ट आवळली.
लाल बटण तिच्या कोपराच्या उंचीवर लावलं,
तिच्या, त्याच्या नव्हे, त्यासाठी तिला उभं करून मापलं.
"हा जोड चालू मशीनवर कधी सोडवायचा नाही."
"कधीच नाही?"
"तुला ड्राइव्ह जाळायचाय का?"

ड्राइव्हमध्ये पन्नास हर्ट्‌झ होते, तिनं चारशे केले.
मग त्याला एक स्क्रू ढिला वाटला.
वीज बंद. आकडे विझले.
तिनं झाकणाकडे हात नेला, त्यानं मनगट धरलं.
"दिवा गेला म्हणजे वीज गेली असं नसतं. आत साठलेली असते."
पत्रकात पाच मिनिटं होती. त्यानं दहा मोजली,
भिंतीवरच्या घड्याळावर, न बोलता.
चहा गार झाला.
गार चहा तिनं पिऊन टाकला.
मगच मीटर, मगच हात.

शेवटी सहा हजार फेऱ्यांवर, बेअरिंग ऊबदार होईतो,
तो फिरत राहिला, कोरायला काहीच न देता.
हेल्दुरनं तळहात बाकावर सपाट ठेवला
आणि लाकडातून ऐकू लागला.
"कसा आहे?" तिनं खुणेनं विचारलं.
त्यानं मान एका बाजूला कलवली.
स्प्रूसचा ठोकळा कोपऱ्यात तसाच पडून होता.
आज नाही, उद्या.

जाताना त्यानं दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं
तारीख लिहिली, आणि खाली :
चौथी वाजली. व्हिर्वेनं ऐकलं.