सदस्य क्रमांक सात

समितीत एक तरी साधा माणूस असावा
असं नियमात आहे, म्हणून मी.
माझ्या पुढ्यातल्या पाटीवर 'सामान्य व्यक्ती',
बाकीच्यांच्या पाट्यांवर डिग्र्या.
चहा मात्र सगळ्यांना सारखाच, बिनसाखरेचा.

मी भानुदास खांडेभराड. मोसंबीची रोपवाटिका,
जालना-अंबड रस्त्यावर, डाव्या हाताला.
तीस वर्षं डोळे बांधतो.
डोळा म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब,
हे साळवे डॉक्टरांना सांगावं लागलं
तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

आज कलमं वाचली जातायत.
कलम चार, पोटकलम ब.
दर वेळी माझ्या हाताला चाकूची मूठ आठवते,
जंबेरीच्या खुंटावरची उभी-आडवी चीर,
सालीखालचा ओला पांढरा वास.

रत्नपारखी वकीलबाई सांगतात,
राज्याचा यावर वेगळा कायदा नाही.
मग केंद्राचा?
तोही कायदा नाही, मार्गदर्शक सूचना.
सूचना तर माझ्या फाटकावरही आहे:
'रोपांना हात लावू नये.'
लोक मोठ्यानं वाचतात आणि हात लावून बघतात.
बसस्टँडसमोर तसाच एक बोर्ड लागलाय,
मूळपेशी, गुडघा, लकवा, तीन इंजेक्शनं,
हप्ते चालतील.

पान अकरा. गोठवलेले गर्भ.
चौदा दिवसांपुढे वाढवायचे नाहीत.
मी विचारलं, पंधराव्या दिवशी काय होतं?
कुणी कागद चाळले. एसीचं पाणी
बादलीत ठिबकत होतं.
साळवे म्हणाले, पहिली रेघ उमटते.
रेघ. बरं.

हुबेहूब माणूस करायला बंदी,
यावर सगळ्यांचे हात वर. माझाही.
पण माझी सगळी बाग एकाच झाडाची आहे.
बदनापूरकडचा तो मातृवृक्ष,
त्याचाच डोळा, त्याचाच डोळा, चाळीस हजार वेळा,
कुणी ठराव मांडला नव्हता.
आणि डिंक्या आला त्या साली
एकासारखं एक रडलं प्रत्येक झाड.
हे मी बोललो नाही.
पुढ्यात 'सामान्य' लिहिलेलं असताना
माणूस बेतानं बोलतो.

मग सुमैय्याची फाइल.
वय नऊ. बापाची पानटपरी, भोकरदन नाका.
चुन्याची पुडी दाबली, फुटली, उजव्या डोळ्यात.
आता डाव्यातून कणभर काढायचं,
प्रयोगशाळेत वाढवायचं,
उजव्यावर बांधायचं.
मी खुर्चीत पुढे सरकलो. हे तर आपलंच काम.

संमतीपत्र सतरा पानी. त्यातलं मराठी असं:
'सदर प्रक्रियेअंती उद्भवणाऱ्या प्रतिकूल घटनांबाबत'
आणि बाप उर्दू शाळेत चौथीपर्यंत.
मी एक ओळ मागितली, वकीलबाईंनी लिहून घेतली:
चांगल्या डोळ्याला काय होऊ शकतं, ते आधी सांगा. तिच्या भाषेत.
आणि अजून एक: हा इलाज नाही, प्रयोग आहे. पैसे घेऊ नका.
चांगल्या फांदीवरनं डोळा काढताना
चाकू जरा खोल गेला
की फांदीही जाते.

बाहेर बाकावर ती बसली होती, पिवळा फ्रॉक,
डाव्या डोळ्यानं माझ्या नखांतली माती बघत.
"तुम डॉक्टर हैं क्या?"
नाही, म्हणालो.
"फिर अंदर क्या कर रै थे?"
सही, म्हणालो.
तिला ते पटलं नाही.

एकविसाव्या दिवशी मी पट्टी सोडतो.
डोळा हिरवा तर जगला.
काळा पडला तर त्याच खुंटावर
दुसऱ्या बाजूनं परत बांधता येतो.
तिच्याकडे दुसरी बाजू एकच,
आणि आपण तिथूनच घेतलंय.

आज अठरावा.
फोन पंपाच्या खोलीत चार्जिंगला लावलाय.
दुपारपासून लाइट नाही.