अंतर लिहिणारा

रामटेक मी चारशे वेळा तरी लिहिलं असेल.
मधला म थोडा आत दाबावा लागतो,
नाहीतर टेक पाटीबाहेर घसरते.
नगरधनचा ध हाताला बसायला दोन वर्षं गेली.
मनसर सोपं. काना नाही, मात्रा नाही.
तिथं टेकाडातून विटाच विटा निघाल्या म्हणतात,
मला त्याचा फक्त बाण ठाऊक: डावीकडे.

खिंडसीच्या पाटीवर एक होडी काढायची असते.
साहेबांना शीड पाहिजे होतं.
म्हटलं, साहेब, तिथं वल्ही असतील.
म्हणाले, तू पाह्यलीस का?
नव्हती पाह्यली.

सतरा वर्षं मी लोकांना पाठवतो आहे.
पिवळा रंग, काळा बॉर्डर,
टेम्पोत मागं घासीराम, पहार, सिमेंटची गोणी.
तो खड्डा खोदतो, मी अंतर लिहितो,
पाटी उभी राहिली की आम्ही वळतो.
वच्छला एकदा म्हणाली,
साऱ्या जगाला रस्ता दाखवता,
आपल्या दाराकडं कधी वळंल तुमचा बाण?
मी टर्पेंटाइननं हात पुसत राहिलो.

मग चैत्रात जुनापाणीचं काम आलं.
*शिलावर्तुळे.* असा शब्द मी कधी लिहिला नव्हता.
घासीरामानं पहार उचलली
तेवढ्यात एक बाई काठी आपटत आली,
ओट्यात मोहाची फुलं, गळ्यात शिट्टी.
सुगंधाबाई टेकाम, रोजंदारीवरची राखणदार.
इथं नोको खोदू बाप्पा, आत माणसं हायेत.
कोणती माणसं?
थे का मले सांगून निजले?

दगड होते. काळे, कमरेच्या खाली,
जत्रेत जेवायला बसल्यासारखे गोल.
एक पंगत, पलीकडं दुसरी,
पळसाच्या आडून अजून एक अर्धी उठलेली.
मध्ये मुरूम, शेळीच्या लेंड्या,
कुणाच्या तरी चिप्सचं चंदेरी पाकीट.
खरं सांगतो, पहिल्यांदा वाटलं,
याच्यासाठी पाटी?

सुगंधाबाई एका दगडाशी उकिडवी बसली.
हे पाय. डोयानं नाही, बोटानं.

खळगे. करंगळीपासून तिसरं बोट बसेल एवढे,
एका रेषेत, आणि मग एक रेघ आडवी.
एकही वाकडा नाही.
नाही, एक वाकडा होता,
शेवटून दुसरा, जरा खाली उतरलेला,
दिवसभराच्या उन्हानंतर उतरतो तसा.
तिथं माझं बोट थांबलं.

कॉलेजचे सर आले होते, ती म्हणाली,
म्हणे चांदण्यांकडं दाखवते ही रेघ.
दुसरे आले, ते म्हणे तसं काही नाही.
मी मान हलवली.
मला माहीत होतं काय झालं असेल.
कुणी तरी मोठा माणूस सावलीत उभा राहून म्हणाला असेल,
इतके काढ, तोंड या अंगाला कर,
आणि हा उन्हात वाकून ठोकत राहिला असेल,
कुठं जातं हे न विचारता,
मजुरी धान्यात की मांसात याचा हिशोब करत.
तीन हजार वर्षं, सुगंधाबाई म्हणाली.
पाटीवर हे अंतर बसत नाही.

आम्ही कुंपणाबाहेर खड्डा घेतला.
पाटी उभी केल्यावर लक्षात आलं,
सवयीनं बाण काढून बसलो होतो.
पोहोचल्यावर बाण कशाला?
एका बाजूनं तो दगडांकडं दाखवत होता,
मागून बघितलं तर
रस्त्याकडं, संत्र्याच्या बागेकडं, टेम्पोकडं.
घासीराम म्हणाला, पुसू का?
म्हटलं, राहू दे.

रात्री वच्छलेनं ताट वाढलं.
नखात पिवळा तसाच.
काय होतं तिथं?
म्हटलं, आपल्यासारखाच एक जण कामाला होता.
जेवला होता का तो?

हे विचारायचं राहूनच गेलं.