आठ मिलिमीटर

मिरजेत स्टँडमागच्या रसवंतीत
एमआरआयची फिल्म उन्हाकडे धरली
तेव्हा शेजारच्यानं विचारलं, कुणाचा?
म्हटलं, माझाच. पाचवा मणका आणि त्याखालचा.
मधली गादी बाहेर आलीय,
फाटक्या टायरातून ट्यूबचा फुगा डोकवावा तशी,
आणि डाव्या पायाच्या नसेवर बसलीय.

बावीस वर्षं मी कवठेमहांकाळच्या माळावर
बोअरमधून मोटारी काढतोय.
तिकाटणं, कप्पी, पाईपमागून पाईप,
चारशे फुटांवर अडकलेली मोटार
सहा इंची भोकातून.
आता मलाच भोक पाडायचं म्हणतात.

डॉक्टर मगदूम म्हणाले, दुर्बीण.
आठ मिलिमीटर. बाजूनं शिरायचं.
पूर्ण भूल नाही, तुम्ही जागे,
मी विचारत राहणार, पायात मुंग्या येतात का?
संध्याकाळी घरी.
पडद्यावर दुसऱ्या कुणाचं आत दाखवलं:
पाणी वाहतंय, पांढरं काहीतरी हलतंय.
हे मी पाहिलंय. बोअरमध्ये कॅमेरा सोडला की
असंच दिसतं, फक्त तिथं बेडूक असतो.

डॉक्टर नलवडेबाई म्हणाल्या, नळी आणि मायक्रोस्कोप.
अठरा मिलिमीटर. पाठीतून, सरळ.
स्नायू कापायचा नाही, फाकवायचा.
पूर्ण भूल. एक रात्र इथंच.
मग फिल्मवर बोट ठेवलं:
तुमचं कमरेचं हाड उंच आहे, ओलेकर,
बाजूची वाट इथं अडते.

मगदूमांकडे परत गेलो.
अडलं तर जरा घासून घेऊ, म्हणाले.
खोटं नव्हतं तेही. मीही केसिंग घासलंय.

शालननं दोघांना एकच विचारलं,
पुन्हा सरकली तर?
मगदूम हसले, काळजी करू नका वहिनी.
बाईंनी चष्मा काढला.
शंभरात पाचसहा जणांची सरकते.
भोक लहान असो की मोठं.

मीही कधी कुणाला
पाणी लागेल असा शब्द दिला नाही.
कित्येक गिऱ्हाइकं गेली त्यापायी.

भूल चढताना आकडे मोजायला सांगितले.
मी पाईप मोजत होतो, वीस-वीस फुटांचे.
सातव्यापर्यंत आठवतंय.

संध्याकाळी चवड्यावर उभं राहता आलं.
टाच अजून बधिर.
येईल, म्हणाल्या बाई. किंवा थोडी राहील.

चौथ्या दिवशी घरी, कुशीवर पडून, फोन घेतला.
नागजच्या फाट्याजवळ मोटार अडकलीय,
पोरगा एकटाच, मागं साखळीचा खणखणाट.
ओढू नकोस, संदेश.
आधी थांब. दोर हातात धरून बघ
कुठल्या बाजूनं अडलंय.