बैठक

बंदराच्या गावात आमचं ऑफिस म्हणजे आता
शाळेचा एक वर्ग. फळ्यावर अजून कुणाची तरी बेरीज,
हातचा धरायची राहिलेली.
सिहाम मॅडम फॉर्म पुढे सरकवतात:
क्रमांक. काळ. माध्यम. अंदाजे किंमत.
मी म्हणतो, मॅडम, मी सुतार.
मला त्यांची फक्त पाठ ठाऊक.

चोवीस वर्षं मी त्यांना बसवत आलो.
लोक समोरून बघत, शाळेची पोरं काचेला नाकं लावून.
मी मागून, खालून.
राणी असो की मडकं, तळाशी सगळ्यांचंच
काही ना काही उडालेलं,
आणि त्या खळग्याला माझं लाकूड
हळूच उत्तर द्यायचं.

तर लिहा.
एक घागर, काळी, पोटाशी तुळतुळीत,
रिकामी असून भरल्यासारखी जड.
एक बगळा, काशाचा, एकाच पायाचा.
एक बाई, एवढी
(मी हवेत दोन हात धरतो,
मॅडम मधल्या हवेला पट्टी लावतात,
एकतीस सेंटिमीटर, लिहितात),
दगडाची, मांडीवर मूल.
मुलाला डोकं नाही.
ते आधीपासूनच नव्हतं,
ते चोरीत धरू नका.

ती डावीकडे कलायची.
घडवणाऱ्याचा हात चुकला
की मूल जड होतं, अल्ला जाणे.
मी बाभळीचा ठोकळा घेतला,
डाव्या अंगाला दोन सूत उंच ठेवला,
मग बसली.
पहिल्या आठवड्यात तोफांनी सगळी तावदानं गेली,
ती हलली नाही म्हणे.

म्हणे, कारण मी नव्हतो.
बतूलला आणि पोरांना घेऊन मी पुलापलीकडे,
पिठाच्या रांगेत.
मागे राहिला राखणदार अबकर. तो सांगतो,
पोरंच होती, मिसरूड न फुटलेली.
एकानं त्या घागरीत पाणी ओतलं,
प्यायच्या आधी विचारलं, चालेल ना चाचा?
प्यायला. मग घागर ट्रकात ठेवली.
रजिस्टरं जाळून त्यांनी चहा केला.
अबकरलाही दिला. तोही प्यायला.
हे सांगताना तो दरवेळी कप खाली ठेवल्यासारखा
हात करतो.

मॅडम फोन पुढे धरतात.
परक्या शहरातली खोली, पांढरी भिंत,
खाली आकडा, शून्यं मी मोजत नाही.
‘हीच का? तज्ज्ञ म्हणतात नक्कल असेल,
हल्ली हुबेहूब करतात.’

मी बाईकडे बघतच नाही. दगडाची हमी कोण देणार.
मी खाली बघतो.
ठोकळ्याच्या कडेला पटाशी घसरल्याची रेघ.
त्या दिवशी मला दवाखान्यातून निरोप आला होता,
मुलगी झाली.
मी मेणात कॉफीचा गाळ मळून रेघ बुजवली,
तरी दिसायची,
म्हणून ती बाजू भिंतीकडे केली.
अकरा वर्षं कुणाला दिसली नाही.

बाई खरी की खोटी ते तुम्ही ठरवा, मॅडम.
बैठक माझी आहे.

त्या फॉर्ममध्ये रकाना शोधतात.
लाकडाला रकाना नाही.
समासात लिहितात, बारीक अक्षरात, बराच वेळ.

दारापर्यंत जाऊन मी परत येतो.
त्या माणसाला, जो कोण असेल त्याला,
काही कळवता येतं का?
रेघ पुढे आलीय, म्हणजे त्यानं ठोकळा फिरवलाय.
उंच बाजू उजवीकडे गेली.
फोटोत कळत नाही, पण ती कलत असणार.
दार आपटलं, रस्त्यानं एखादी जड गाडी गेली,
तेवढं पुरे आहे.

त्याला म्हणावं, पैशाचं नंतर बघू, पापाचंही.
आधी तिला उचल.
मुलाकडून धरू नकोस, तुटेल,
कमरेत धर.
ठोकळा फिरव.
ठेव.
आणि दोन्ही हात
एकदम काढू नकोस.