बस मिळाली

मोरकमच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
लिफ्ट असून जिन्याने आल्या नोरीन बिकरस्टाफ.
वय चौऱ्याहत्तर. तक्रार: लोक हल्ली पुटपुटतात.
खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, ओहोटी होती.
इथला समुद्र एकदा गेला की मैलभर जातो,
मागे ठेवतो नुसता चकाकता चिखल.

रिसेप्शनवरची पोरगी, जन्म दोन हजार एकचा,
फॉर्म पुढे सरकवता सरकवता गुणगुणली
आणि जीभ चावली.
"गुणगुण गं," बाई म्हणाल्या, "सगळेच करतात.
दातांच्या डॉक्टरनं तर माझ्या तोंडात हात घालून."

मी म्हटलं, मला नाही माहीत ते गाणं.
मी बार्शीची.
त्यांनी माझा हातच धरला.
"पन्नास वर्षांत तुम्ही पहिल्या!"
आणि खुर्चीत अशा सैलावल्या
जशी एखादी घरी येऊन बूट काढते.

मग स्वतःच सांगत बसल्या.
चार भावंडं: त्या, ॲव्हरिल, ग्लिन आणि डेझमंड,
जो सगळ्यांत धाकटा, आणि गेलाही सगळ्यांत आधी.
आईने विणलेली पिवळीधमक जाकिटं,
लोकर संपली म्हणून डेझमंडचं बिनबाह्यांचं.
त्र्याहत्तर साल. यादीत नऊ आठवडे,
त्यातला एक चौथ्या नंबरावर.
गाण्यात घडतं एवढंच:
एक मुलगी पावसात धावते, तिला बस मिळते.
ना प्रेम, ना विरह. ड्रायव्हर थांबतो, इतकंच.
"दुसरं गाणं ट्रामवर केलं. कुणी घेतलं नाही."

काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण.
ऐकू आलं की दाबा.
खालचे सूर त्यांनी पटापट पकडले,
एखादा तर येण्याआधीच.
वरचे सूर सुरू झाले
आणि अंगठा बटणावर तसाच थांबला,
थांब्यावर कुणी हात वर करून उभं असावं
आणि रस्ता रिकामा.

कागदावरची रेघ मधोमध येऊन घसरली.
"काय काय गेलं?"
चिमण्या, म्हटलं. स आणि फ. केटलीची शिट्टी.
"खंजिरी?"
हो, खंजिरीही.
"ती ॲव्हरिल वाजवायची. पर्थला असते.
नाताळला कार्ड येतं. नुसती सही."
गाण्याचे हक्क कुणी, कितीला विकले
हे मी विचारलं नाही. त्यांनी अर्धंच सांगितलं.

"आणि टाळ्या?"
टाळ्या येतील ऐकू.
"त्या डेझमंडच्या. त्याच आठवड्यात त्याचा आवाज फुटला,
गाता येईना, म्हणून टाळ्या."
चष्मा पुसला, उगाचच, पुन्हा पुसला.
"चला. डेझमंड तरी राहिला."

यंत्र कानात बसवताना विचारलं त्यांनी,
तुमच्या भाषेत बसला काय म्हणतात?
बसच म्हणतो.
पण कुणाला खाली टेकायला सांगायचं तरी बस,
आणि पुरे झालं म्हणायचं तरी बस.
बाई इतक्या हसल्या की यंत्र शिट्टी मारू लागलं.
"म्हणजे आमचं चरित्रच की हे!
मिळाली. टेकलो. पुरे."

वरून पाहिलं मी.
रस्ता ओलांडेपर्यंत हेशमची बस निघून गेली.
बाई धावल्या नाहीत.
बाकावर बसल्या, आणि कानाला हात लावून
बहुतेक वारा ऐकत राहिल्या.

रात्री भांडी घासून झाल्यावर शोधलं ते गाणं.
दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद.
खंजिरी पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे,
ॲव्हरिल दमत नाही.
आणि दुसऱ्या कडव्यानंतर
एक टाळी उशिरा पडते, अगदी जराशी.
मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं.
हो, उशिराच.
कुणी ती काढून टाकली नाही.